रसायनशास्त्र अभ्यास मंडळास खुले पत्र: एक रीडिंग न जुळणारे असू द्या

प्रति,
मा. सदस्य, रसायनशास्त्र अभ्यास मंडळ

स. न. वि. वि.

रसायनशास्त्राच्या पदवीसाठी काय काय पुरे करावे लागेल, याचा नवा मसुदा तुम्ही हरकती आणि सूचनांसाठी खुला केलात. तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. श्रेयांकांची बेरीज मी करून पाहिली, ती बरोबर आहे. (खोडच तशी आहे. कोणी बेरीज दिली की आधी ती करून बघायची.) विषयांची निवडही वाईट नाही: अकार्बनी, कार्बनी, भौतिक, विश्लेषणात्मक, शिवाय जीवरसायन. कुणावर फार अन्याय झालेला नाही. माझी मुख्य हरकत एकच आहे, पण ती नीट कळावी म्हणून जरा लांबून यावे लागेल.

गेली 26 वर्षे मी गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. त्यातली शेवटची बरीच वर्षे नव्या पदवीधरांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे आहे. गुणपत्रिका मी बघते, पण त्यावरून फारसे काही ठरवत नाही. उमेदवाराला प्रयोगशाळेत नेते, 25 मिलीची पिपेट (ठरावीक माप घेण्याची काचेची नळी) हातात देते, शेजारी ऊर्ध्वपातित पाणी, एक कोरडी झाकणाची बाटली आणि दोन दशांश स्थळांचा वजनकाटा. म्हणते, पाच वेळा पाणी घे, पाच वेळा वजन कर, आलेले आकडे लिही. वीस मिनिटांचे काम.

त्या वीस मिनिटांत बरेच काही दिसते. पिपेट आधी त्याच द्रवाने खंगाळायची, हे निम्म्यांना आठवते. शेवटचा थेंब टोकाशी राहतो, तो राहू द्यायचा असतो, कारण पिपेटवरची खूण तो थेंब धरूनच आखलेली असते. पण बरेच जण तो फुंकून बाहेर काढतात, वर काटकसर केल्याच्या समाधानाने माझ्याकडे बघतात. यातले काहीही मी फारसे मनावर घेत नाही. हात चार आठवड्यांत वळतो.

मी मनावर घेतले ते एका मुलाचे. गुण उत्तम होते, बोलणे चटपटीत होते. त्याने पाच वजने केली आणि कागद माझ्यापुढे ठेवला: 25.00, 25.00, 25.00, 25.00, 25.00. काट्याच्या पडद्यावर तेव्हाही शेवटचा आकडा उजळलेला होता, 24.89. मी पडद्याकडे बोट केले. तो गोंधळला नाही, हे मला जास्त लागले. म्हणाला, "मॅडम, 25 मिली पाणी म्हणजे 25 ग्रॅमच यायला हवं ना?"

खरे तर यायला नको. खोलीच्या तापमानाला पाण्याची घनता दर मिलीला 1 ग्रॅमपेक्षा किंचित कमी असते, 25 अंश सेल्सियसला 0.997 च्या आसपास. वर हवेचे उत्प्लावन, म्हणजे हवेने वर उचलणे, थोडे वजन खाते. 24.9 ग्रॅम हेच तिथे शोभणारे उत्तर. म्हणजे त्याची पिपेट चांगली भरली गेली होती, हात बरा होता, काटा खरे बोलत होता. खोटा होता तो फक्त कागद. आणि हा मुलगा लबाड नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्याने तेच केले जे पदवीच्या सगळ्या वर्षांत त्याच्याकडून करून घेतले होते: आधी उत्तर ठरवायचे, मग निरीक्षण लिहायचे.

त्याला बोल लावण्याचा मला फारसा अधिकारही नाही. माझे स्वतःचे जर्नल अजून माळ्यावर आहे. त्यात टायट्रेशनच्या (खुणांच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण सोडून मोजण्याच्या) प्रत्येक तक्त्यात तीन रीडिंग्ज आणि शेवटी सी. बी. आर., म्हणजे स्थिर ब्युरेट रीडिंग. 10.1, 10.1, 10.1, म्हणून सी. बी. आर. 10.1 मिली. पान उलटा, 9.6, 9.6, 9.6. सगळे जर्नल असेच, एकदा आले ते तिन्ही वेळा आले, जणू ब्युरेटला शपथ घातली होती. प्रत्यक्षात काय व्हायचे ते माझ्या बरोबरीच्या कुणालाही विचारा. पहिले रीडिंग घाईत पुढे जायचे, गुलाबी रंग भडक व्हायचा. दुसरे बरे यायचे. तिसरे करायला वेळच उरायचा नाही, तेवढ्यात मागच्या बाकावरून उत्तर कळलेले असायचे. रफ वहीत 10.4, 10.1 आणि एक रिकामी जागा. फेअर जर्नलमध्ये 10.1 ची तीन भावंडे. त्या जर्नलवर लाल शाईत "सुंदर" असा शेरा आहे, सहीसकट.

50 मिलीच्या ब्युरेटवर 0.1 मिलीच्या खुणा असतात. उत्तम प्रतीच्या काचेलाही 0.05 मिली इकडेतिकडे चालते, आणि ब्युरेटच्या टोकाचा एक थेंबही साधारण तेवढाच असतो. म्हणजे तीन प्रामाणिक रीडिंग्ज दर वेळी तंतोतंत जुळत असतील तर रसायनतज्ज्ञाने खूश न होता दचकायला हवे. आम्ही मात्र जुळण्याला गुण देतो. न जुळले तर परत कर म्हणतो, परत करायला वेळ मात्र देत नाही. मग पोर दुसरे काय करणार?

माझी हरकत इथे आहे. तुमच्या मसुद्यात पदवीसाठी किती श्रेयांक, किती तास, किती प्रयोग, किती टक्के हजेरी हे सगळे आहे. विद्यार्थ्याने पदवीपर्यंत एकदा तरी असा आकडा काढावा की ज्याचे उत्तर त्याला, त्याच्या शिक्षकाला आणि मागच्या बाकाला ठाऊक नाही, आणि तो आकडा कितपत विश्वासाचा आहे हे त्याने स्वतः सांगावे, ही अट कुठेही नाही. माझ्या मते ती पहिली असायला हवी. बाकीच्या अटी तिच्या आजूबाजूला मांडता येतील.

न जुळलेल्या आकड्याचे मोल काय असते, याचा आपल्या शास्त्रातला सर्वांत देखणा दाखला ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचा. हा माणूस वायूंच्या घनता मोजत बसला होता, याहून कंटाळवाणे काम क्वचितच असेल. हवेतून ऑक्सिजन वगैरे काढून टाकून उरलेला नायट्रोजन त्यांनी एका काचेच्या गोळ्यात भरून तोलला, आणि अमोनियापासून मिळवलेला नायट्रोजनही त्याच गोळ्यात तोलला. दोन्ही जुळेनात. सुरुवातीचा फरक हजारात एक भागाचा. आमच्या जर्नलात हा फरक दुपारच्या आत मिटला असता. रॅले यांनी 1892 साली 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून रसायनतज्ज्ञांनाच विचारले, हे काय असावे, कुणी सुचवील का? (म्हणजे तेही एका अर्थी खुले पत्रच.) पुढे त्यांनी केले ते याहून मोठे. फरक पुसण्याऐवजी तो वाढवता येतो का हे पाहिले. नायट्रोजन संपूर्णपणे रासायनिक संयुगांतून मिळवला, तेव्हा फरक वाढून दोनशेत एक भागावर गेला. हवेतला 2.31 ग्रॅम, संयुगांतला 2.30 ग्रॅमच्या आत-बाहेर. एका ग्रॅमचा शंभरावा भाग! त्या शंभराव्या भागात एक अख्खे मूलद्रव्य लपले होते. 1894 साली विल्यम रॅम्झी यांच्यासह रॅले यांनी आर्गॉन जाहीर केला, आणि 1904 मध्ये एकाला भौतिकशास्त्राचे, दुसऱ्याला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधी, 1785 साली, हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या पाडून पाडून सगळा नायट्रोजन संपवायचा प्रयत्न केला होता. एक बारीकसा बुडबुडा काही केल्या संपेना. त्यांनी लिहून ठेवले, उरलेला भाग मूळच्या एकशेविसाव्या हिश्श्याहून जास्त नाही. तो काय आहे हे त्यांना कळले नाही. पण बुडबुडा वहीत राहिला. रॅम्झी आणि रॅले यांना तो तिथे सापडला. फेअर जर्नल करायची पद्धत कॅव्हेंडिश यांच्याकडे नव्हती, हे बरेच झाले.

तेव्हा पहिली मागणी फेअर जर्नल बंद करण्याची. एकच वही, बांधलेली, पानांना क्रमांक घातलेली. नोंद शाईने, त्याच वेळी, तारखेसह. चुकले तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण. पान फाडायचे नाही. यात मी काही नवे सांगत नाही, औषधे बनवणाऱ्या कोणत्याही कारखान्याच्या प्रयोगशाळेत हाच नियम आहे आणि तो मोडणे हा साधासुधा ठपका नसतो. तिथे चिठोऱ्यावर आकडा लिहून मग रजिस्टरात "नीट" उतरवणारा माणूस तपासणीत सापडला तर सगळ्या प्रयोगशाळेच्या आकड्यांवरचा विश्वास उडतो. आणि आपण पदवीला नेमके तेच करायला शिकवतो, सुवाच्य अक्षरात, समासासह. अक्षराचे गुण तेवढे काढून टाका, एवढी विनंती मला वेगळी करावी लागू नये.

आता तासांबद्दल. मसुद्यात प्रात्यक्षिकांचे तास वाढवले आहेत, त्याचे स्वागत. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या वर्षाच्या सामान्य रसायनशास्त्राच्या पलीकडे 400 तासांचे प्रयोगशाळेतले काम मागितले होते, शिवाय रेणूची रचना ओळखायचे एन. एम. आर. यंत्र चालू स्थितीत विभागात असलेच पाहिजे अशी अट होती. आकड्यांच्या बाबतीत तुम्ही त्याच्या जवळपास जाता. पण तास कशाचे धरले आहेत ते एकदा बघा. हजेरीचा वेळ, द्रावणे यायची वाट बघण्याचा वेळ, चौघांत एक ब्युरेट म्हणून तिघांनी बघत उभे राहण्याचा वेळ, आणि शेवटचा पाऊण तास आकडेमोड जुळवण्याचा. एन. एम. आर. चे तर विचारूच नका. काचेच्या दाराआडून यंत्र दाखवायचे आणि छापील वर्णपट वाटायचा, याला यंत्र हाताळणे म्हणत नाहीत, त्याला दर्शन म्हणतात. तासांऐवजी हात मोजा. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः, एकट्याने, किमान इतकी अनुमापने (टायट्रेशन), इतकी ऊर्ध्वपातने, इतकी पुनर्स्फटिकीकरणे केली आणि यंत्रावर स्वतः बसून इतके नमुने चालवले, असे लिहा. संख्या कमी ठेवा हवी तर. तीस प्रयोग "झाले" असण्यापेक्षा बारा खरेच झालेले बरे.

जर्मन रसायनतज्ज्ञ युस्टुस फॉन लीबिग 1824 साली गीसेनच्या विद्यापीठात शिकवायला गेले तेव्हा 21 वर्षांचे होते, आणि त्यांना मिळालेली जागा ही लष्करी बराकीची रिकामी इमारत होती. तिथे त्यांनी काय केले? विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या टेबलासमोर बसवून प्रयोग दाखवण्याऐवजी प्रत्येकाला काम दिले. आधी विश्लेषणाचा सराव, मग स्वतःचा प्रश्न. त्या बराकीतून केकुले आणि हॉफमान यांच्यासारखे नामवंत रसायनतज्ज्ञ तयार झाले. 1831 मध्ये लीबिग यांनी पाच फुग्यांचे एक काचेचे उपकरण बनवले. पदार्थ जाळल्यावर निघालेला कार्बन डायऑक्साइड त्यातल्या पोटॅशमध्ये शोषला जायचा, आणि उपकरण आधी आणि नंतर तोलले की कार्बन किती ते कळायचे. या साध्या काचेमुळे कार्बनी संयुगांचे विश्लेषण कुशल गुरूच्या हातून निघून विद्यार्थ्याच्या हातात आले. ते पाच फुगे अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही आहेत. पैसा नाही, जागा नाही हे कारण ऐकले की मला ती बराक आठवते. पुढे कधी निधीची चर्चा निघालीच तर सांगून ठेवते, पहिल्या दोन वर्षांना महागड्या यंत्रापेक्षा जास्तीच्या ब्युरेट अधिक उपयोगी पडतात.

गणिताकडे येते. इथे मसुदा सपशेल घसरला आहे. गणित ही अट आहे, पण ती "पदवीपर्यंत केव्हाही" पुरी करायची मुभा दिली आहे. म्हणजे ऊष्मागतिकीच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर आंशिक अवकलज उभा राहणार आणि समोरची मुले तो काय प्राणी आहे हे शेवटच्या वर्षात शिकणार. हायड्रोजन अणूचे श्रोडिंगर समीकरण त्याआधीच येऊन गेलेले असेल. मुलांना दोष का द्यावा? ती चिन्हे पाठ करतात, जसे मंत्र पाठ करावेत तसे. मुलाखतीत मी एक हमखास प्रश्न विचारते: सूत्रांत सारखा येणारा 2.303 हा आकडा कुठून आला? उत्तर एका ओळीचे आहे, तो 10 चा नैसर्गिक लॉगरिदम. दहातून तिघांना सांगता आले तर मी तो दिवस चांगला धरते. उरलेले म्हणतात, तो स्थिरांक आहे. कशाचा? "आर. टी. च्या आधीचा." याहून मजेशीर उत्तर मी ऐकलेले नाही, आणि याहून केविलवाणेही.

दुसरा प्रश्न: हायड्रोक्लोरिक आम्लाचे 10 चा उणे 8 घात मोलर द्रावण, त्याचा सामू किती? झटकन उत्तर येते, 8. 7 च्या वरचा सामू अल्कलीचा, म्हणजे आम्ल इतके पातळ केले की ते अल्कली झाले! पाणी स्वतःही थोडे हायड्रोजन आयन देते, ते धरले तर उत्तर 6.98 येते. एक वर्गसमीकरण सोडवायचे, बस. पण इथे घोडे वर्गसमीकरणावर अडलेले नसतेच. आलेले उत्तर शक्य कोटीतले आहे का, हे थांबून बघायची सवय लावलेली नसते. काट्यावर 24.89 दिसत असताना 25.00 लिहिणारा आणि आम्लाचा सामू 8 सांगणारा, दोघे एकाच शाळेतले.

म्हणून गणिताची अट पूर्वअट करा. कलनशास्त्र भौतिक रसायनशास्त्राच्या आधी, त्याच्याबरोबर नाही, नंतर तर नाहीच. आणि त्यात थोडे संख्याशास्त्र घाला, ते मसुद्यात मला शोधूनही सापडले नाही. सरासरी, प्रमाण विचलन, आणि हाती तीन-चारच रीडिंग्ज असताना काय म्हणता येते व काय नाही. हा प्रश्न मुळात रसायनतज्ज्ञांचाच आहे. विल्यम गॉसेट हे ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकलेले गृहस्थ डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होते. तिथे चाचण्या मोजक्याच करता येत, आणि मोजक्या आकड्यांवरून निर्णय मात्र घ्यावा लागे. त्यातून त्यांनी 1908 साली "स्टुडंट" या टोपणनावाने जो निबंध छापला, त्याला आज सगळे जग टी-चाचणी म्हणून ओळखते. टोपणनावही काय निवडले बघा, विद्यार्थी! आणि आमचा विद्यार्थी तीन रीडिंग्जचा खेळ 10.1 लिहून संपवतो.

अटी वाढवायच्या तर जागा कुठून आणायची, हे तुम्ही विचाराल. रास्त आहे. अटी कमीही करता येतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जर्मन वाचता आलेच पाहिजे अशी अट असायची, कारण कार्बनी संयुगांचा बाइलस्टाइनचा कोश आणि कितीतरी मूळ निबंध जर्मनमध्ये होते. ती गळून पडली आणि आभाळ कोसळले नाही. तुमच्या मसुद्यात तिसऱ्या सत्रात विशिष्ट नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियांची जी लांबलचक यादी आहे, तिचे मी तसेच करीन. अभिक्रियेचे नाव सांगता येणे आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेला हे सांगता येणे यांत फार अंतर आहे. यादीतल्या निम्म्या नावांना यंत्रणा सारखीच आहे. एकदा कार्बोनिल गटाचा स्वभाव कळला की अल्डॉल, क्लेझन, क्नोवेनागेल ही एका घरातली माणसे वाटू लागतात. मोकळ्या झालेल्या जागेत आकडेवारी संगणकावर हाताळायला शिकवा. जर्मनची जागा आज त्याने घेतली आहे.

आणखी एक छोटी गोष्ट. मोलची व्याख्या मसुद्यातल्या संदर्भ-घटकात जुनीच आहे, 12 ग्रॅम कार्बन-12 वाली. 20 मे 2019 पासून मोल म्हणजे बरोबर 6.02214076 गुणिले 10 चा 23 वा घात इतके कण. बदलून घ्या.

सुरक्षिततेला मसुद्यात एक व्याख्यान आणि एक सही आहे. विद्यार्थ्याने नियम वाचल्याची सही. 2008 च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक 23 वर्षांची संशोधन सहायक प्लास्टिकच्या सिरिंजने टर्शरी ब्युटिल लिथियम काढत होती. हवा लागताच पेट घेणारा हा पदार्थ. सिरिंजचा दट्ट्या निसटला, द्रव सांडला, कपड्यांनी पेट घेतला. अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता, होता तो कृत्रिम धाग्याचा स्वेटर. जानेवारीत ती गेली. ती रसायनशास्त्राची पदवीधर होती. त्या घटनेवर खटला झाला, नियम झाले, पुष्कळ लिहिले गेले, मी त्यात शिरत नाही. पदवीच्या अटी ठरवणाऱ्यांनी एवढेच विचारावे: आपण ज्याला रसायनशास्त्राचा पदवीधर म्हणतो, त्याला न ओळखीचा पदार्थ हातात आल्यावर आधी काय शोधायचे, कोणता हातमोजा चालतो, काय घडू शकते आणि घडले तर कुठे धावायचे, हे एका पानावर लिहून काढता येते का? प्रत्येक प्रयोगाआधी हे पान विद्यार्थ्याने लिहावे आणि त्याशिवाय बाटलीला हात लावू नये. सही शिक्षकाची, विद्यार्थ्याची नव्हे. चुकले तर जबाबदारी कुणाची हे मग आपोआप स्पष्ट होईल, आणि म्हणूनच ही सूचना कुणाला फारशी आवडणार नाही याची मला कल्पना आहे.

आता पुन्हा माझ्या मुख्य हरकतीकडे, म्हणजे उत्तर ठाऊक नसलेल्या आकड्याकडे. शेवटच्या वर्षात प्रत्येकाला एक प्रश्न द्या, ज्याचे उत्तर कुठेच छापलेले नाही. तो मोठा असण्याची गरज नाही. पाण्याचा कडकपणा पावसाळ्याआधी आणि नंतर किती बदलतो. जुन्या बाटलीतल्या सोडियम थायोसल्फेटची तीव्रता आठवड्यागणिक किती उतरते. दोन वेगवेगळ्या पद्धतींनी त्याच गोळीतले क जीवनसत्त्व सारखेच येते का. चाळीस जण असतील तर चाळीस बाटल्या, प्रत्येकाची वेगळी, म्हणजे मागच्या बाकाकडे वळून बघण्यात अर्थच उरत नाही. उत्तराला गुण नकोत. गुण हवेत ते पुढच्या तीन गोष्टींना: काय केले ते दुसऱ्याला तसेच करता येईल इतके स्पष्ट लिहिले आहे का, आकड्याशेजारी अधिक-उणे किती ते आहे का आणि ते कुठून आले ते सांगता येते का, आणि एखादे न जुळलेले रीडिंग वहीत जसेच्या तसे ठेवले आहे का.

यावर एक आक्षेप माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने घेतला, तो खरा आहे म्हणून इथे लिहिते. त्या म्हणाल्या, "अगं, उत्तर मला माहीत नसेल तर मी तपासू कशी? साठ वह्या, दोन दिवस, आणि वर पुनर्तपासणीचे अर्ज. बरोबर उत्तराला गुण दिले की निदान भांडण होत नाही." त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. अटी कागदावर वाढतात तेव्हा शिक्षक वाढत नाहीत, आणि दमलेला शिक्षक सी. बी. आर. वर खूण करून पुढे जातो, मीही गेले असते. म्हणून साठ वह्यांना एक शिक्षक हे प्रमाणच मसुद्यात बदलावे लागेल. प्रयोगशाळेत एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, हा आकडा तुम्ही शिफारस म्हणून परिशिष्टात टाकला आहे. तो अटींत आणा. विद्यार्थ्यावर घातलेल्या अटी मोठ्या ठळक अक्षरांत आणि विभागावर घातलेल्या अटी "शक्यतो" या शब्दासह, असे मसुदाभर झाले आहे. पेन्सिलने खुणा केल्या, तर "शक्यतो" नऊ वेळा आले, नऊच्या नऊ वेळा विभागासाठी.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. मी त्याला घेतले. पहिले तीन महिने त्याच्या वहीवर मी रोज सही करत होते आणि आकडा खोडला तर कारण विचारत होते. चौथ्या महिन्यात एका नमुन्याचे आर्द्रतेचे प्रमाण तीन वेळा केले, दोन जुळले, तिसरे 0.4 टक्क्यांनी जास्त. तो वही घेऊन माझ्याकडे आला, तिसरा आकडा तसाच ठेवून. शोधल्यावर कळले की तिसऱ्या बाटलीचे बूच सैल होते, आणि मग कळले की त्या खेपेतल्या कितीतरी बाटल्यांची बुचे सैल होती. माल परत गेला. हे त्याला शिकवायला मला जे तीन महिने लागले, ते त्याच्या पदवीतले होते, माझ्या पगारपत्रकातले नव्हते.

मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे असे कळते. एक सुचवू? बैठक सभागृहात न घेता प्रयोगशाळेत घ्या. सुरुवातीला प्रत्येक सदस्याने एक ब्युरेट घ्यावी, अज्ञात तीव्रतेचे अल्कलीचे द्रावण मी पाठवते, आणि तीन रीडिंग्ज फळ्यावर लिहावीत. फेअर न करता. मग अटींवर बोलू. मलाही बोलावलेत तर मी येईन, माझी तीनही रीडिंग्ज सगळ्यांच्या शेजारी लिहीन, आणि ती जुळणार नाहीत याची हमी देते.

कळावे,
आपली,
तपासणी प्रयोगशाळेतली एक रसायनतज्ज्ञ

ता. क. सुरक्षिततेच्या परिशिष्टात संहत सल्फ्युरिक आम्ल पातळ करताना "आम्लात पाणी हळूहळू घालावे" असे छापले गेले आहे. उलट करा. पाण्यात आम्ल. बैठकीची वाट न पाहता हे एवढे आजच दुरुस्त करा.